आरारचे ओंडके

अल्जीयर्स, बाब अझ्झून वेशीबाहेरील बागेतून
रबिलाखर, हिजरी ११२८

शेर्शेलनिवासी स्नेही व व्याही सी कद्दूर यांस हम्दानचा सलाम. परमेश्वराने तुमच्या डोंगराला आणि घराला सांभाळले, हे तुमच्या निरोप्याकडून कळले. त्याची स्तुती असो.

आम्ही अजून बागेतच आहोत. सफर महिन्यातल्या त्या भूकंपाच्या सकाळपासून जमीन पुरती शांत झालेली नाही. मधूनच, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तशी ती हलते आणि तंबूंतून नामस्मरणाचा एकच सूर उठतो. तुमची कन्या मामिया आणि आपला नातू इलयास सुखरूप आहेत. इलयास तर खुशीत आहे. त्याला हे सारे जग त्याच्यासाठीच उघड्यावर मांडले आहे असे वाटते. मामिया बोलते, कामे करते, मला नमाजापूर्वी वेळेवर वजूचे पाणी देते. पण कोणत्याही छपराखाली ती पाऊल ठेवत नाही. परवा थोडी सर आली तेव्हा सगळ्या बायका माळ्याच्या खोपटात शिरल्या, ही मुलाला पदराखाली घेऊन लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली.

आमचे घर निम्मे उतरवावे लागले. ते पुन्हा बांधावयास मी उस्ताद मेझियान यांना बोलावले आहे. हा गृहस्थ स्वतःला कमी लेखणाऱ्यांतला नाही. रेशमी कमरबंद बांधून कामावर येतो, भसाड्या आवाजात गातो आणि शहरातील जी घरे उभी राहिली त्यांतील निम्मी आपल्या वाडवडिलांची आहेत असे सांगतो. मी फिरून पाहिले. बढाई खोटी नाही.

पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटले, "उस्ताद, या वेळी भिंती अशा घट्ट करा की काही हलता कामा नये." त्याने माझ्या हातातला कॉफीचा पेला घेऊन तबकात ठेवला आणि तबक हिसडले. कॉफी माझ्या झग्यावर.

"झालं घट्ट," तो म्हणाला. मग तबकात तीन गोल काड्या शेजारी शेजारी मांडल्या, त्यांवर एक फळी, फळीवर भरलेला दुसरा पेला, आणि तबक तसेच हिसडले. काड्या गडगडल्या, फळी झुलली, पेला मात्र जागच्या जागी. "हाजी, हे तुमचं घर. काड्यांच्या जागी आरारच्या झाडाचे ओंडके. खांबाच्या माथ्यावर ओंडके, त्यावर कमान. भिंतीत विटांचे थर, मधे ओंडके. गोलच ठेवायचे, तासायचे नाहीत. खिळा नाही, लोखंड नाही. जमीन सरकली की घर म्हणेल, सरक बाई, मी बसलोय."

"आणि माझा झगा?"

"तो बायकांकडं द्या. माझं काम भिंतीचं."

सी कद्दूर, मी आयुष्यभर इमारतीची उपमा देऊन विद्यार्थ्यांना श्रद्धेचे दृढत्व शिकवले, आणि दृढ म्हणजे न हलणारे, असेच मनात धरून चाललो. पण आपण दिवसातून पाच वेळा रुकूत कंबरेत वाकतो, मस्तक भूमीला टेकतो आणि पुन्हा उभे राहतो. त्या वाकण्याने कोणी मोडत नाही. हा मनुष्य मला रुकू करणारे घर बांधून देणार आहे. यासाठी तुमच्या डोंगरावरचे आरार हवे. त्याला कीड लागत नाही आणि ते पिढ्यान्‌पिढ्या राळ धरून राहते, हे तुम्हांला मी काय सांगावे? थंडीपूर्वी मामियाला छपराखाली आणावयाचे आहे. ओंडके लवकर पाठवा.

हम्दान


शेर्शेल, जमादिलावल

सी हम्दान यांस कद्दूरचा सलाम.

पत्र मिळाले. तुमच्या युनूसच्या नावाने मशिदीत पठण करवले. जावई होता, पण मला तो मुलगाच होता; माझ्याशी बुद्धिबळात मुद्दाम हरायचा आणि ते मला कळतं हेही त्याला कळायचं.

लाकडाचं म्हणाल तर अडचण आहे. खेचरं लंगडी झालीत, तोडणारे लोक स्वतःची घरं सावरतायत, आणि समुद्रही म्हणावा तसा नाही. घाई करू नका. ओलं लाकूड पाठवून काय उपयोग?

तोवर एक सुचवू का? मामियाला आणि लेकराला इकडं पाठवा. माझं घर बसकं आहे, एकच मजला, अंगण मोठं. तिची आई रोज तिचं अंथरूण उन्हात घालते आणि संध्याकाळी परत घडी करून ठेवते. मला ते बघवत नाही. तुमचा नातू तुमचाच राहील. मी तो हिरावून घेणार नाही.

आणि त्या दहमानचं काय झालं? समोरच्या घराच्या गच्चीवर एवढा उंच विटांचा कठडा कुणी सांगितला होता त्याला चढवायला? शिडं शिवणाऱ्याला राजवाड्याची तटबंदी हवी होती. युनूस सगळ्यांना बाहेर काढून वाट मोकळी करायला गल्लीत गेला, आणि तो कठडा त्याच्यावर. तो माणूस तुमच्या समोरून जातो तेव्हा तुम्ही सलामाला उत्तर देता का, हे मला विचारायचं नाही. विचारलं तर तुम्ही खरं सांगाल.

कद्दूर


अल्जीयर्स, रज्जब

सी कद्दूर यांस हम्दानचा सलाम.

मी उत्तर देतो. सलामाला उत्तर देणे हे कर्तव्य आहे, आणि माझ्या दुःखाने ते रद्द होत नाही. एवढेच करतो, त्याहून अधिक मला अजून जमलेले नाही. तोही मान वर करीत नाही.

तळमजल्याच्या भिंती कमरेच्या वर आल्या आहेत. मी रोज सकाळच्या नमाजानंतर जाऊन बसतो. उस्तादाचे काम पाहणे हा माझ्या या उदास वर्षातला एकमेव आनंद आहे, असे लिहिले तर अतिशयोक्ती होणार नाही. चुना तो मुद्दाम मऊ ठेवतो. एक गवंडी फार सफाईने सांधे भरीत होता, तर त्याच्यावर ओरडला, "थडगं बांधतोयस का? श्वास घेऊ दे तिला." सध्या तो जुन्या घरातून निघालेले ओंडके वापरतो; कोपऱ्यांत एका भिंतीचे ओंडके दुसऱ्या भिंतीत शिरतात, दोन हातांची बोटे गुंफावीत तसे. वरचा मजला हलक्या विटेचा, आणि गच्चीला विटांऐवजी वेताची जाळी. "बायकांना आडोसा पाहिजे ना? आडोसा द्या. वजन कशाला देताय?" असे तो म्हणाला. मी तेथून उठून थोडा वेळ मागच्या अंगणात गेलो.

आता वरच्या मजल्याचा प्रश्न आहे. आपली घरे डोंगरउतारावर. एकटे घर खाली घसरू पाहते. म्हणून उस्तादाला वरचा मजला गल्लीवर पुढे काढून लांब तुळयांनी पलीकडच्या भिंतीशी जोडायचा आहे. त्यांच्या तुळया आमच्या भिंतीत, आमच्या त्यांच्या भिंतीत. हलतील तर दोघे मिळून हलतील, आणि एकाला धक्का बसला तर दुसरा त्याला धरील. खाली गल्लीवर छत होईल. उंचीवरून आमचा वाद झाला. त्याला ते बुटके हवे होते. मी सांगितले की लादलेला उंट आणि त्यावरचा स्वार न वाकता गेला पाहिजे, वाट सर्वांची आहे, हा कायदा आहे. "उंट? या जिन्यांच्या गल्लीत?" तो म्हणाला. "तुमच्या कायद्यातला उंट कधी आलाय इथं?" मी म्हटले, "आला तर त्याने कोणाकडे दाद मागावी?" त्याने पुष्कळ वेळ आकडेमोड केली आणि तुळया वर घेतल्या. दुसऱ्या दिवशी कबूल केले की अशाने तिरके टेकू अधिक चांगले बसतात. त्या दिवशी तो गायलाही कमी.

आणखी एक. काल तुमच्या गावचा नावाडी बंदरात भेटला. मोठा बोलका मनुष्य. म्हणाला, "सी कद्दूरचं आरार? ते तर किनाऱ्यावर केव्हाचं पडलंय, झावळ्यांच्या चटयांखाली, खडखडीत वाळलेलं. न्यायला सांगतच नाहीत." मी त्याला म्हटले, त्यांची खेचरे लंगडी आहेत. तो फार हसला.

व्याही, तुमच्या घरी उन्हात पडणारे ते अंथरूण मलाही दिसते. पण लेक परत यावी म्हणून तिचे छप्पर रोखून धरणे, हे तुम्हांला शोभत नाही.

हम्दान


शेर्शेल, साबान

सी हम्दान यांस सलाम.

नावाड्याला मी पुन्हा माझ्या होडीत घेणार नाही. बाकी तुमचं म्हणणं खरं आहे, पण मला लाज वाटली असं लिहायला लावू नका. बाप आहे मी.

आता माझीही एक शंका. तुम्ही लिहिता, "पलीकडची भिंत." कायदा लिहिलात, उंट लिहिलात, उंटावरचा स्वारसुद्धा लिहिलात, आणि त्या भिंतीच्या मालकाचं नाव तेवढं राहिलं. तुमच्या गल्लीत मी चार दिवस पाहुणा होतो, सी हम्दान. पलीकडं दहमान राहतो. ज्याच्या घरानं माझ्या जावयाचा जीव घेतला त्याचं घर माझ्या लेकीच्या भिंतीत हात खुपसून उभं राहणार, आणि त्यासाठी लाकूड मी द्यायचं?

शिकवण मलाही ठाऊक आहे. तुमच्याच शेजारी बसून शिकलो. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत तुळई रोवायची असेल तर त्याला अडवू नये. पण आपल्या मालिकी पंथात ती सक्ती नाही, चांगुलपणा आहे. आणि ती भिंत तुमची नाही; घर युनूसच्या नावावर होतं, त्याच्यामागे ते पोराचं आहे. अनाथाच्या भिंतीवर चांगुलपणा करायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

खांबांपुरते आणि उरलेल्या भिंतींपुरते ओंडके याच होडीनं पाठवलेत. वाळलेले आहेत, मोजून घ्या. लांब तुळया पाठवणार नाही. मामियाला विचारा. ती नाही म्हणेल, आणि ती नाही म्हणाली की तिला आणायला मी स्वतः येईन.

कद्दूर


अल्जीयर्स, सव्वाल

सी कद्दूर यांस सलाम, आणि सरलेल्या ईदच्या शुभेच्छा.

तुमच्या पत्रातला आक्षेप मी दोन वेळा वाचला. तो बिनतोड आहे. अनाथाच्या मालमत्तेविषयी आपल्याला जे बजावले आहे ते आठवून मी काम थांबवले आणि उस्तादाला सांगितले की मुलाच्या आईच्या होकाराशिवाय त्या भिंतीत एक काडीही जाणार नाही. तो म्हणाला, "मग वरचा मजला विसरा. तळमजला टिकेल. वर मी त्यांना झोपवणार नाही." तुम्ही जाणता, तळमजल्यावर हौद, कोठार आणि माझी अभ्यासाची खोली, राहण्याचे घर ते नव्हे.

मी मामियाला विचारले. ती म्हणाली, "सीदी, त्या घराचं लाकूड माझ्या मुलाच्या उशाशी नको." मी पुन्हा विचारले नाही. तुमचा अंदाज खरा होता, हे मी तुम्हांला तेव्हाच लिहिणार होतो. परंतु रमजान आला, आणि मी तुमच्याचसारखा वागलो, पत्र लांबवले.

ईदच्या दिवशी बागेत दहमानची बायको नफीसा आली. मधात बुडवलेल्या मकरूदच्या वड्यांचे ताट डोक्यावर. ताट तंबूबाहेर ठेवून ती जमिनीवरच बसली. मी कनातीपलीकडे होतो; ऐकू नये असे बोलणे नव्हते, म्हणून मी हललो नाही.

मामिया म्हणाली, "घेऊन जा ते. आमच्याकडं गोड कुणी खात नाही."

"पोराला दे."

"पोरालाही नको."

"बरं. मग मी बोलते आणि जाते. तू नवी नवरी आलीस त्या वर्षी, आठवतं? गच्चीवर यायचीस, आमच्या गच्चीवर दहमानचे कारागीर शिडं पसरून बसलेले दिसले की उलटी पळायचीस. कपडे ओलेच घेऊन."

मामियाने ताट लांब सरकवल्याचा आवाज आला.

"तो मला म्हणाला, दुसऱ्याची पोर आपल्यामुळं तिच्या स्वतःच्या गच्चीवर डोकं उघडं ठेवू शकत नाही. कारागीर हलवता येईनात, गच्चीशिवाय शिडं पसरायची कुठं? म्हणून कठडा चढवला. मी म्हटलं, एवढा उंच? तर म्हणाला, पोरगी उंच आहे." नफीसा रडत नव्हती, हिशेब सांगावा तशी सांगत होती. "लोक म्हणाले शिडंवाला माजला. आम्ही कुणाला सांगितलं नाही. असलं सांगायचं असतं का? आता तो गच्चीवर जात नाही. शिडं अंगणात शिवतो, वाकडी होतात, गिऱ्हाइकं परत आणून टाकतात."

मग मामियाने विचारले, "वडीत खजूर आहे का बदाम?"

"खजूर."

"बदाम घालायचा. खजुरानं जड होतं." आणि ताट आत ओढून घेतल्याचा आवाज आला.

सी कद्दूर, मी वाचलेल्या साऱ्या टीकाग्रंथांत एका माणसाने दुसऱ्याच्या लेकीची लाज राखली आणि तेच ओझे तिच्या नवऱ्यावर कोसळले, असा प्रसंग मला आढळलेला नाही. सद्हेतू होता; विटेच्या जागी वेत असता तर तो हेतू आजही उभा असता. चांगुलपणालाही बांधकामाची विद्या लागते, हे मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगेन.

दुसऱ्या दिवशी मामिया घराकडे आली. आत नाही, गल्लीत, पांघरूण घट्ट लपेटून. तिने उस्तादाला वकिलासारखे उलटसुलट विचारले. तुळई कुजली तर? त्यांचे घर पडले तर आमचेही ओढून नेईल का? त्याने प्रथमच रेशमी कमरबंदाचा विचार न करता धुळीत बसून काड्यांचे दोन सांगाडे बांधले. दोघे वेगळे हलवले, दोघेही आडवे. मधे काड्या घालून हलवले. दोघेही डुलले आणि थांबले. मग त्याने एकाचा खांब काढून घेतला. ते घर दुसऱ्याच्या अंगावर रेलून राहिले. पडले नाही.

"म्हणजे तेही आम्हांला धरतात," मामिया म्हणाली.

"बाईसाहेब, लाकडाला कोण कुणाला धरतंय ते कळत नाही. दोन्ही टोकं सारखीच."

ती म्हणाली, "घाला तुळया." आणि माझ्याकडे वळून, "सीदी, अब्बांना लिहा, लांब पाठवा म्हणावं. आखूड पाठवतील ते, ओळखते मी त्यांना."

मी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत. आत राहावयास येण्याविषयी मात्र तिने वचन दिलेले नाही. "घर होऊ दे, मग बघू," एवढेच म्हणाली.

हम्दान


शेर्शेल, जिल्काद

सी हम्दान,

लांब पाठवल्यात. मापापेक्षा हातभर जास्तच. कापायचं तर तिकडं कापा. झाडं मीच निवडली, उत्तरेच्या उताराची, हळू वाढलेली. त्यातलं एक माझ्या आजोबांनी राखून ठेवलेलं होतं, कशासाठी ते कुणाला ठाऊक नव्हतं.

दहमानला माझा सलाम सांगा. जास्त काही सांगू नका, मला जमणार नाही.

पण एक विचारतो, आणि यावेळी उंट नको, कायदा नको. माझी लेक झोपते कुठं? थंडी पडली. पावसाचे ढग इथं रोज येतात आणि तुमच्याकडं जातात. घर बांधून झालं आणि ती अजून लिंबाखालीच असली, तर तुमची भिंत कितीही विद्वान असो, मी होडी घेऊन येतो. तिनं तसं म्हटलं तर तुम्ही अडवू नका.

कद्दूर


अल्जीयर्स, जिल्हेज

सी कद्दूर यांस हम्दानचा सलाम.

घर पूर्ण झाले. उस्ताद शेवटच्या दिवशी चौकातल्या प्रत्येक खांबाच्या माथ्यावरचे ओंडके बोटांनी वाजवीत फिरला, आणि एकाशी थांबून म्हणाला, "हा गातो. वर्षभर गाईल, जागेवर नीट रुळला की गप्प बसेल. घाबरू नका." नंतर गल्लीच्या छताखाली उभा राहून त्याने आजूबाजूच्या सर्व घरमालकांना ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःची स्तुती केली. कोणी हसले नाही. तुळया एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत अशा गेल्या आहेत की गल्लीत उभे राहून वर पाहिले तर कोणते घर कोठे संपते ते सांगता येत नाही. गेल्या वर्षीपर्यंत या शहरात मी मशिदींपुढे थांबत असे. आता घरांपुढेही थांबतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर. घर झाल्यावर मामिया दिवसा आत येऊ लागली. स्वयंपाक, झाडलोट, इलयासचे खेळणे. सूर्य कलला की मुलाला घेऊन बागेत परत. तुमची होडी येणार, असे मनाशी धरून मी इलयासला रोज अधिक वेळ मांडीवर घेत होतो.

काल दुपारच्या नमाजानंतर जमीन हलली. सफरनंतरचा हा सर्वांत मोठा धक्का. मी दाराशी होतो. आयुष्यभराचे अध्ययन, महिनोन्‌महिने पाहिलेले बांधकाम, त्या काड्या, ते तबक, यांतले काहीही मला आठवले नाही. मी धावत गल्लीत गेलो. दहमानही त्याच्या दारातून धावत आला. आम्ही दोघे म्हातारे, बरोबर युनूस पडला त्याच जागी, समोरासमोर उभे. आणि वर तुळया आपसांत कुरकुरत होत्या, भिंतीच्या सांध्यांतून पिठासारखी धूळ झरत होती. एक वीट पडली नाही. दहमान वर पाहत नव्हता. त्याने दोन्ही हातांनी स्वतःचे डोके झाकले होते, आणि तो माझ्याकडे पाहून एकसारखा म्हणत होता, "हाजी, तुम्ही इथून जा. हाजी, तुम्ही इथून जा."

मी इलयासचे नाव घेऊन हाक मारली. मामिया बाहेर येईना. मला वाटले, संपले.

मग वरच्या सज्ज्यातून पडद्यामागून तिचा आवाज आला, रोजच्यासारखाच, थोडा वैतागलेला.

"सीदी, गल्लीत काय उभे राहिलात? तिथं बाहेरचं काय काय पडतं. आत या. इलयास झोपलाय, हाका मारू नका."

मी उंबऱ्याशी गेलो. दहमान होता तेथेच राहिला.

"त्यांनाही आणा," ती म्हणाली. "आणि दोघांनी चपला बाहेर काढा. फरशी आत्ताच पुसलीये."

हम्दान